थोरल्यांची बॉडी, धाकट्यांचं भिंग

कॅमेरा निवडणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. लोकांना ते जमत नाही, कारण लोक अभ्यास करत नाहीत. मी केला होता! एक्केचाळीस व्हिडिओ पाहिले होते आणि अकरा पानांचा तक्ता बनवला होता. गुण हिरव्या पेनाने, दोष लाल पेनाने. शाळेत भिंगांचा धडा मी इतका मन लावून वाचला असता, तर आमच्या फिजिक्सच्या सरांनी मला प्रिन्सिपलच्या खुर्चीवर बसवलं असतं.

दहावीत ब्याण्णव टक्के पडले, तेव्हाच बाबांनी कॅमेरा कबूल केला होता. त्या भरवशावर मी धारला आत्याकडे गेले आणि अंकिताताईला सांगून टाकलं, "तुझ्या साखरपुड्याला फोटोवाला कशाला? मी आहे ना!"

अंकिताताई म्हणजे माझी आतेबहीण. स्वभावाने गरीब. तिने खरंच फोटोवाल्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. मी तिथेच बसून सेव-परमल खात होते. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आत्मविश्वास असला की माणसाला बरंच काही वाटत नाही.

साखरपुड्याला तीन आठवडे होते. देवासला परत आल्यावर मी घरात मीटिंग बोलावली. हजर : बाबा, तात्या म्हणजे माझे आजोबा, आणि स्वयंपाकघराच्या दारातून अर्धी हजर आई.

"पर्याय दोन आहेत," मी तक्ता उघडत म्हटलं. "पहिला मिररलेस. सुरुवातीचं मॉडेल, पण याचं भिंग बदलता येतं. आज एक, उद्या दुसरं. घराणं वाढत जातं! दुसरा कॉम्पॅक्ट. खिशात मावतो. भिंग एकच, जन्माचं चिकटलेलं. पण अंगाच्या मानाने आतला सेन्सर मोठा!"

"सेन्सर म्हणजे?" तात्यांनी विचारलं.

"ज्याच्यावर फोटो उमटतो तो. असं समजा, घरातलं अंगण. अंगण मोठं, तर ऊन जास्त!"

"मग मोठा कुठला?"

"बाहेरून बघाल तर पहिला मोठा. पण आतून दोन्ही जवळजवळ सारखेच."

बस्स. इथे माझा पाय घसरला. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि ते बाबांकडे वळले.

"आतून सारखेच! ऐक, धीरज, ऐक! धाकट्या पातीवाले हेच म्हणायचे!"

आता तुम्ही देवासचे नसाल तर तुम्हाला सांगायला हवं. आमच्या एका गावात दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, आणि सरहद्द बाजाराच्या रस्त्यातून. दोन्ही राज्यं विलीन होऊन पाऊणशे वर्षं झाली. पण ही बातमी तात्यांना अजून नीटशी पटलेली नाही. त्यांचे वडील थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. आणि रस्त्याच्या बरोब्बर पलीकडे, धाकट्या पातीत, माझ्या आईचं माहेर आहे. आईची वरात बावीस पावलांची होती. बँडवाल्यांनी गाणं सुरू केलं, आणि कडवं यायच्या आत सासर आलं!

आई लाटणं घेऊन बाहेर आली. "मामंजी, धाकट्या पातीत काय कमी होतं?"

"कमी काहीच नव्हतं, सूनबाई. जागाच तेवढी कमी होती."

आईने लाटणं टेबलावर ठेवलं, गॅलरीत गेली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली, "बाबा! जरा या इकडे! आपल्याला खिशात घालायला निघालेत!"

शिवाजीराव आजोबा, म्हणजे आईचे वडील, दोन मिनिटांत हजर. टोपी घालायला एक मिनिट, रस्ता ओलांडायला एक. दारातच आईने त्यांना सगळं सांगितलं.

"तो लहान कॅमेरा," ते उभ्या-उभ्याच मला म्हणाले, "त्याचं डोकं मोठं आहे म्हणे?"

"डोकं नाही आजोबा, सेन्सर."

"तेच ते. घ्यायचा तर तोच घ्यायचा."

"व्याहीबुवा, बसा," तात्या म्हणाले. "खिशात मावणारी वस्तू लायटर असते, कॅमेरा नसतो."

"आणि ज्याला दर कार्याला नवीन डोळा लावावा लागतो, त्याला कॅमेरा म्हणतात काय?"

मी तक्त्याचं पान चार उघडून सांगू लागले की दोघांच्याही बोलण्यात थोडं-थोडं तथ्य आहे. बाबा माझ्या कानात म्हणाले, "चिऊ, गप्प बस. हे कॅमेऱ्याचं नाही चाललेलं."

आठवडाभर तेच चाललं. तात्यांनी मिररलेसचं नाव 'थोरला' ठेवलं, आजोबांनी कॉम्पॅक्टचं 'धाकटा'. दोघांपैकी एकानेही दोन्हींपैकी एकही कॅमेरा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आईने तात्यांच्या वरणात तूप घालणं बंद केलं. तात्यांनी वरण खाणं बंद केलं. सकाळी दूधवाल्या भियाने पातेल्यात माप ओतता-ओतता मला विचारलं, "बेटा, तुम किस तरफ हो? बडी वाले के कि छोटी वाले के?"

मी फक्त अर्धा लिटर दूध मागितलं होतं!

साखरपुडा बारा दिवसांवर आला, तसे बाबांनी हात टेकले. "तुम्हीच ठरवा. दोघं एकमत झालात, तर कॅमेरा. नाही तर मी चाललो ड्यूटीवर."

इथे मी माझी बुद्धी चालवली. तो तह माझा आहे, हे मी नाकारणार नाही. मिररलेसमध्ये बॉडी वेगळी विकत मिळते आणि भिंग वेगळं. म्हणून मी जाहीर केलं, "थोरल्यांनी बॉडी आणावी, धाकट्यांनी भिंग! एक कॅमेरा, दोन पात्या!"

दोन्ही म्हाताऱ्यांनी बराच विचार केला.

"धडाशिवाय डोळा बसणार कुठे?" तात्या खुशीत म्हणाले.

"डोळ्याशिवाय धड आंधळं," आजोबा त्याहून खुशीत म्हणाले.

आईने वरणात तूप वाढलं. मला त्या रात्री असं वाटलं की मी पुढे परराष्ट्र खात्यात जावं.

मी दोघांना दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर, सगळं ठळक अक्षरात. तात्या इंदूरला ज्या दुकानात जाणार, त्या दुकानाची पायरी आजोबा चढणार नव्हते, म्हणून दोघं वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या दुकानांत गेले. तात्यांनी बॉडी आणली. तिथेच बॅटरी चार्ज करून, कार्ड घालून, डबा वरून चिकटपट्टीने बंद करून. आजोबांनी भिंग आणलं, ते लाल कापडात बांधून. नारळ बांधतात तसं. गाठीवर गाठ.

"उघडू?" मी विचारलं.

"देवीला दाखवल्याशिवाय?" दोघं एकदम म्हणाले. माझा तह सोडला, तर त्यांचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा, त्यामुळे मला वाद घालवेना.

आमच्याकडे नवीन वस्तू टेकडीवर जाऊन आल्याशिवाय वापरत नाहीत. टेकडीवर दोन देव्या आहेत, बडी माता आणि छोटी माता. आधी कुणाला दाखवायचं यावर जमेना, म्हणून तात्या डबा घेऊन एका बाजूने गेले, आजोबा गाठोडं घेऊन दुसऱ्या बाजूने. अर्ध्या वाटेत समोरासमोर आले. एकमेकांना ओळख न दाखवता पुढे गेले. मी मधे उभी राहून पाहत होते. पुजाऱ्याने दोन्हींवर कुंकू लावलं आणि शुभकार्याची वस्तू आहे असं ऐकून सांगितलं, "तो फिर मुहूर्त पर ही खोलना."

मला काही चिंता नव्हती. एक्केचाळीस व्हिडिओ! कॅमेरा हातात न घेताही मला तो डोळे मिटून चालवता आला असता.

तर धारला, हॉलमध्ये, साखरपुड्याच्या मुहूर्ताला वीस मिनिटं उरली असताना आम्ही डबा आणि गाठोडं उघडलं.

डब्यातून बॉडी निघाली. सुबक, हलकी, तळहाताएवढी. समोर गोल भोक, जिथे भिंग बसतं.

गाठोड्यातून जे निघालं, ते पाहून मला आधी वाटलं आजोबांनी चुकून स्वयंपाकघरातला खलबत्ता आणला. काळं, जुनं, लोखंडासारखं जड. बॉडीच्या तिप्पट!

"आजोबा, हे काय?"

"भिंग!"

"मी चिठ्ठीत लिहिलं होतं ते कुठे?"

"ते दाखवलं त्याने. पेढ्याएवढं होतं. थोरल्यांचं एवढं धड, आणि आमचा पेढा? मी म्हटलं, भिया, दुकानातलं सगळ्यात मोठं काढ!"

म्हणजे जे गृहस्थ आठवडाभर लहानाच्या बाजूने भांडले, त्यांनी दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग आणलं होतं. जुन्या जमान्यातल्या दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचं! मी ते बॉडीला लावून पाहिलं. बसेना. फिरवून पाहिलं. बसेना. कुकरला कढईचं झाकण लावावं, तसं.

अंकिताताई शेजारच्या खोलीतून डोकावली. शालू, चंद्रकोर, केसांत गजरा. "चिऊ, झालं का गं? कुठे उभी राहू?"

"एकदम सही उभी आहेस," मी म्हटलं. "तिथेच राहा."

आणि मग मला तिसावा व्हिडिओ आठवला. त्यात एक माणूस भिंग बॉडीला न लावता नुसतं समोर हाताने धरून फोटो काढत होता. थोडं मागे-पुढे केलं की चित्र साफ दिसतं. सेटिंगमध्ये भिंगाशिवाय फोटो काढायची परवानगी द्यावी लागते, ती मी दिली. हाताने भिंग समोर धरलं. पडद्यावर आत्या दिसली! अगदी स्पष्ट!

अडचण एकच. ते भिंग एका हाताने उचलण्यासारखं नव्हतं.

"आण, मी धरतो," तात्या पुढे आले.

"भिंग आमचं आहे," आजोबा म्हणाले.

"मग बॉडी आमची आहे," तात्यांनी माझ्या हातातून बॉडी काढून घेतली.

तर अशी रचना झाली. तात्या बॉडी धरून. त्यांच्यासमोर आजोबा भिंग धरून. मी तात्यांच्या काखेतून हात घालून बटण दाबणार. मधल्या फटीतून उजेड आत शिरू नये म्हणून आत्याने दोघांच्या हातांवर एक शेला टाकला. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं, साखरपुडा या दोघांचाच लागतोय.

"आजोबा, थोडं मागे! तात्या, पुढे! अहो, तुम्ही दोघंही पुढे नका येऊ!"

नवरा मुलगा मनन सरदारपूरचा. त्याच्याकडची मंडळी शिष्ट होती. कुणी हसलं नाही. फक्त त्याच्या एका काकांनी दुसऱ्या काकांना हळूच सांगितलं, "हमारे यहाँ फोटोवाला एक ही आता है."

गुरुजींनी मंत्र म्हटले. साखरेचा पुडा दिला-घेतला. आम्ही तिघं एका अंगाने सरकत-सरकत समोर गेलो. सहा पाय, एक शेला! गुरुजी म्हणाले, "आता अंगठी."

नेमकं तेव्हाच तात्या म्हणाले, "व्याहीबुवा, तुमचा अंगठा मधे येतोय."

"अंगठा आमच्या हद्दीत आहे."

तेवढ्यात मनन जीजूंनी अंगठी घातली. टाळ्या वाजल्या. पडद्यावर नुसता अंगठा होता.

"एक मिनिट!" मी ओरडले. "जीजू, काढा ती! परत घाला!"

मनन जीजू स्वभावाने अंकिताताईसारखेच निघाले. सांगितलं की ऐकतात. त्यांनी अंगठी काढली.

टाळ्या थांबल्या. पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. जीजूंच्या आई खाली बसल्या. नशीब, खुर्ची होती.

"काढली?" गुरुजींनी विचारलं.

"हो," जीजू म्हणाले.

"घातलेली काढली?"

"हिने सांगितलं."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी तात्यांच्या काखेत होते, त्यामुळे अर्धीच दिसत होते. गुरुजींनी पंचांग उघडलं, पानं चाळली, बोटावर काहीतरी मोजलं. "तो मुहूर्त गेला. पुढचा दीड तासाने."

दीड तास! जेवण अंगठीनंतर होतं. आत दाल-बाफले निवत होते. दीड तास अंकिताताई आणि मनन जीजू एकमेकांचे कोणीच नव्हते! मला हे फार गंभीर वाटलं नाही, पण बाकी सगळ्यांना वाटत होतं, म्हणून मीही चेहरा तसा केला.

अंकिताताई माझ्याजवळ आली. ती कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

"चिऊ, मी फोटोवाल्याला नाही म्हटलं ते तुझ्या शब्दावर."

"हो ताई."

"मला एक फोटो पाहिजे. एकच. अंगठीचा. तो नाही मिळाला, तर माझ्या लग्नात तू मांडवाच्या बाहेर बसायचं. बाफले बाहेर पाठवीन."

ती गेली. मी तात्या आणि आजोबांना मागच्या व्हरांड्यात नेलं आणि सराव सुरू केला. "एक म्हटलं की मागे, दोन म्हटलं की थांबा!" पाऊण तासात ते दोघं असे एका तालात चालू लागले की पंधरा ऑगस्टच्या परेडला पाठवता आले असते. मधे एकदा तात्यांनी आजोबांच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या रुमालाने पुसला. "भिंगावर पडेल," असं कारण दिलं.

दम खायला मी हॉलमध्ये येऊन बसले. शेजारी मनन जीजूंच्या मामी बसल्या होत्या. कुसुमावती मामी, धरमपुरीच्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी कापडी पिशवीत हात घातला, पानाचा डबा बाजूला केला आणि एक छोटासा काळा कॅमेरा काढला. डोळ्याला न लावताच, मांडीवरूनच, समोर धरला. टिक. परत पिशवीत.

मी ओळखला! माझ्या तक्त्याचं पान सात! मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट!

"मामी, हा तुम्ही कसा निवडला?"

"निवडायचं काय त्यात? पिशवीत पानाचा डबा असतो. दुकानदाराला म्हटलं, उरलेल्या जागेत मावेल तो दे."

"पण सेन्सर वगैरे..."

"असेल की. मी काही उघडून नाही पाहिलं."

मला अकरा पानं आठवली. हिरवं पेन तर संपलं होतं.

दीड तासाने गुरुजींनी घड्याळ पाहिलं. आम्ही तिघं शेला पांघरून जागेवर. "एक!" दोघं मागे. "दोन!" दोघं खांबासारखे स्थिर. ना अंगठा मधे, ना हद्द मधे. अंगठी बोटात गेली आणि मी बटण दाबलं. काही तरी एकदम लख्ख, सुरेख, रेखीव पडद्यावर चमकून गेलं. "मिळाला!" मी ओरडले. तात्या आणि आजोबांनी शेल्याखालीच हात मिळवले. भुकेल्या पाहुण्यांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा मी परत कधी ऐकल्या नाहीत!

घरी येऊन बाबांच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले. सत्तर फोटो. त्यातल्या अडुसष्टांत धुकं होतं. एकात अंगठा. आणि अंगठीचा तो एक, खरंच लख्ख, खरंच रेखीव. फक्त त्यात अंकिताताई आणि जीजू म्हणजे दोन गुलाबी ढग होते, आणि लख्ख काय होतं, तर मागे उभ्या असलेल्या गुरुजींच्या कानातली भिकबाळी. मोती न् मोती मोजता येत होता. बाबांनी मोठं करून पाहिलं, तर मधल्या मोत्यात अंकिताताई आणि जीजू दिसले. मुगाच्या दाण्याएवढे, आणि आरशातल्यासारखे उलटे.

"यात आहेत तर खरं," बाबा म्हणाले. ते मला धीर देत होते.

तेवढ्यात कुसुमावती मामींनी फोटो पाठवले. एकूण नऊ. नऊच्या नऊ स्पष्ट. त्यात अंगठीचाही होता, पहिल्यांदा घातली तेव्हाचा, दुसऱ्यांदा घातली तेव्हाचा, आणि मधे काढली तेव्हाचासुद्धा! त्या मधल्या दीड तासात अंकिताताई आणि जीजू कोपऱ्यात बसून एकाच बाफल्यावर चोरून ताव मारतायत, असाही एक होता. तोच अंकिताताईने मोठा करून भिंतीवर लावला. मला मांडवात बसायची परवानगी मिळाली. मामींच्या खात्यावर.

तात्या आणि आजोबा मात्र माझ्यावर खूश आहेत. रोज संध्याकाळी एक बॉडी आणतो, एक भिंग आणतो, आणि गॅलरीत उभं राहून रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढतात. योग्य ते भिंग घेऊन देऊ का, असं बाबांनी विचारलं, तर दोघांनी त्यांना हाकलून लावलं.

आणि माझं? माझी कला अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. गुरुजींनी मामींच्या नऊ फोटोंबरोबर तो भिकबाळीचा फोटोही आवर्जून मागवून घेतला. इतका आवडला की त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर लावलाय. त्यांच्या सगळ्या यजमानांनी, धारपासून सरदारपूरपर्यंत, त्याला हात जोडलेत.

खाली त्यांनी फोटो काढणाऱ्याचं नावही दिलंय : सौ. कुसुमावतीबाई, धरमपुरी.